बारावा जॉब

ग्यानबा,

तुझ्या मातीला सलीम मास्तर आले होते. परभणीहून पॅसेंजरनं चुडाव्याला उतरले आणि स्टेशनापासून चालत आले. वर्कशॉपचा निळा कोट अंगातच होता, काढायचं भान राहिलं नसावं. बांधाच्या कडेला उभं राहून ते हमसून हमसून रडले. आणि मी, तुझा सगळ्यात जवळचा मित्र म्हणून ज्याला चार जणांनी धरून ठेवलं होतं तो मी, त्या वेळी काय विचार करत होतो, सांगू? या माणसानं चार वर्षांत माझ्याकडे एकदाच धड पाहिलं. मी मेलो तर हा येईल का?

खरं लिहायचं ठरवून बसलोय, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा हेवा आपोआप संपतो, अशी माझी समजूत होती. अठरा दिवस झाले, संपलेला नाही.

विभागप्रमुखांनी मला कॉलेजच्या वार्षिकासाठी तुझ्यावर अर्धं पान लिहायला सांगितलं. "तुझी भाषा चांगली आहे," म्हणाले. जन्म, गाव, मनमिळाऊ स्वभाव, विभागाची हानी. ते अर्धं पान मी देऊन टाकलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही आणि तू कुठंच नाहीस. म्हणून हे दुसरं लिहितोय.

सुरुवात कुठं झाली ते मला नेमकं आठवतं. फर्स्ट इयर, मेकॅनिकल, वर्कशॉपचा फिटिंग सेक्शन. आपल्याला लोखंडाच्या दोन पट्ट्या दिल्या होत्या. एकीत व्ही आकाराची खाच करायची, दुसरीला तसंच टोक काढायचं आणि दोन्ही एकमेकींत अशा बसवायच्या की मधून उजेड दिसता कामा नये. वर्कशॉपमध्ये अशी वस्तू करून द्यावी लागते, तिला जॉब म्हणतात. हातात फक्त करवत आणि कानस. मी गणितात आख्ख्या बॅचमध्ये पुढं होतो, आणि कानस अशी धरायचो, जशी काही ती चावणार आहे.

सलीम मास्तरांनी माझा जॉब खिडकीसमोर धरला, एक डोळा मिटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेटा, तुज्या जॉबातून तर अख्खी परभणी दिसायली."

पोरं खिदळली. मग त्यांनी तुझा उचलला. खिडकीसमोर धरला. उजेड नव्हता. तुझा जॉब त्यांनी स्वतःच्या टेबलावर, चहाच्या गिलासाजवळ ठेवला. त्या टेबलावर कोणा पोराचा जॉब ठेवलेला त्यानंतरही मी कधी पाहिला नाही.

"कुठं शिकलास रे?" मी तुला विचारलं.

"शिकायचं काय त्याच्यात? घरी खुरप्याला धार मीच लावतो. हाताला कळतंय."

हाताला कळतंय. माझ्या हाताला काहीच कळत नव्हतं आणि तुला ते न कळणं म्हणजे काय असतं हेच ठाऊक नव्हतं. वर तुझी ती सवय. जॉब पुरा झाला की तू त्याच्या सगळ्या कडांवरून कानस तिरकी धरून हलकेच एकदा फिरवायचास, धार मोडायचास. ड्रॉइंगमध्ये ते दाखवलेलं नव्हतं, त्याला मार्कही नव्हते. "घेणाराच्या बोटाला लागू नये," म्हणायचास. मला राग यायचा. घेणारा कोण, तर सलीम मास्तर. त्यांच्या बोटांना गेंड्याची कातडी.

माझ्या घरात हातानं करायची एकच गोष्ट होती, लिहिणं. बाबा छापखान्यात, आणि संध्याकाळी चळवळीत. उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर मी बसून जेवलो, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पाढे लिहिले. मला 'अ अननसाचा' यायच्या आधी 'अन्याय' वाचता येत होतं. आमच्या घरात माणसं दोनच प्रकारची, लढणारी आणि गप्प बसणारी. बाबा म्हणायचे, चुकीला चूक म्हणायला नाव, गाव, ओळख लागत नाही, फक्त शाई लागते. त्यांच्यापुरतं ते खरं होतं. त्यांच्या पत्रकांत समोर नेहमी कोणीतरी बलदंड असायचा.

आता तो दिवस.

जॉब द्यायची शेवटची तारीख. माझ्या तळहातांना फोड आले होते आणि जॉबातून परभणी दिसतच होती. मी हात पाण्याखाली धरायला बाहेरच्या नळावर गेलो. परत आलो तर माझ्या व्हाइसशी, जॉब आवळून धरायच्या शिकंज्याशी, तू उभा. जॉब काढून माझ्या हातात दिलास. मी दोन्ही पट्ट्या एकमेकींत सरकवल्या. डबीचं झाकण बसावं तशा बसल्या.

"ग्यान्या, हे काय केलंस?"

"काही न्हाई. तुझाच हाय, थोडा वाकडा व्हता. जा, नंबर ठोक."

मी माझा रोल नंबर त्यावर ठोकला. मनाला समजावलं की नव्वद टक्के मेहनत माझीच आहे. सलीम मास्तरांनी तो खिडकीसमोर धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता बसला हात." चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे धड पाहिलं ते त्या एकदाच. त्या तीन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होतो. माझ्या आयुष्यात मला गणितासाठी शाबासकी मिळाली, भाषणासाठी मिळाली, पण हातासाठी ती पहिलीच, आणि ती तुझ्या हाताला होती.

तरी मी तेव्हा तुझ्यावर जळत नव्हतो. उलट मला वाटायचं, या माणसानं मला निवडलं. इतक्या पोरांत माझ्या व्हाइसशी येऊन उभा राहिला.

मग एके दुपारी कॅन्टीनमध्ये एक जण बोलता बोलता म्हणाला, "ग्यान्यानं माझा जॉब निस्ता दहा मिनिटात बसवला." दुसरा म्हणाला, "माझा तर पहिल्यापासून त्यानंच घासला." तिसरा. चौथा. अकरा जण निघाले, ग्यानबा. माझ्यासकट बारा. तू कोणाकडून चहासुद्धा घेतला नव्हतास. ज्याचा वाकडा दिसला त्याचा सरळ केलास, इतकंच. आणि मी त्या रांगेत बारावा होतो.

त्याच दुपारी लायब्ररीत बसून मी पत्रक लिहिलं. 'हात कोणाचे, मार्क कोणाचे?' विद्यार्थी मित्रहो, जो आज दुसऱ्याच्या हातचा जॉब देतो तो उद्या दुसऱ्याच्या हातचा पूल देईल. त्या पुलावरून तुमची आई जाणार आहे. असं बरंच. तुझं नाव घातलं नाही, पण 'एकाच हाताचे अनेक जॉब' हे शब्द घातले. खाली सही, 'एक जागरूक विद्यार्थी'. बाबांच्या ओळखीनं छापून घेतलं आणि सायकल स्टँडपासून मेसपर्यंत चिकटवलं.

त्यातला एकेक शब्द मला पटलेला होता. आजही पटतो. आणि त्यातला एकही शब्द मी त्या कारणासाठी लिहिला नव्हता. तू फक्त माझा जॉब केला असतास, तर ते पत्रक जगात आलंच नसतं.

तू ते मेसच्या भिंतीवर वाचलंस. मी तुझ्या शेजारी भाकरी मोडत होतो. तुझ्या डब्यातली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. अर्धा डबा रोज माझाच असायचा.

"लिवणारानं लय जबरी लिवलंय," तू म्हणालास. "पूल बिल घातलाय. तुझ्यासारखंच लिवतंय कोणतरी."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुला कळलं होतं का? हे मी तुला साडेतीन वर्षांत विचारलं नाही. दर वेळी वाटायचं, परीक्षा झाल्यावर विचारू.

चौकशी लागली. विभागप्रमुखांनी सगळे जॉब टेबलावर मांडायला लावले. सलीम मास्तरांची मान खाली. विभागप्रमुखांना काही शोधावं लागलंच नाही, ज्यांच्या कडांची धार मोडलेली होती ते सगळे एकीकडे झाले. तुझा सोडून बारा. घेणाराच्या बोटाला लागू नये म्हणून केलेली ती खूण. चोरी करणारा माणूस अशी चूक करत नाही, हे तिथं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तू एक शब्द बोलत नव्हतास. मग विभागप्रमुखांनी बारावा जॉब उचलून माझा नंबर वाचला, आणि तेव्हा तू तोंड उघडलंस.

"सर, ह्यो त्याचा सोताचा हाय. कडा मोडायला मी शिकवलं व्हतं त्याला."

सलीम मास्तरांनी मान वर केली. तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. विभागप्रमुखांनी माझा जॉब वेगळा काढला. "बघा, ह्याला म्हणतात विद्यार्थी," म्हणाले.

मी हो म्हणालो नाही. नाहीसुद्धा म्हणालो नाही. अन्याय हा शब्द सगळ्यात आधी वाचायला शिकलेला मी, माझ्या डोळ्यांसमोर तो झाला आणि मी त्याच्या फायद्याच्या बाजूला उभा राहिलो.

अकरा जणांना पुन्हा जॉब करायला लावलं. तुझी टर्म अडवली. परीक्षेला बसू दिलं नाही. मी सेकंड इयरला गेलो आणि तू पुन्हा फर्स्ट इयरला. घरी तू सांगितलंस, नापास झालो. का सांगितलंस असं? खरं सांगितलं असतं तर त्यात मी आलो असतो, म्हणून? की दुसऱ्यांचे जॉब केले म्हणून शिक्षा झाली हे चुडाव्यात कोणालाच कळलं नसतं, म्हणून? उत्तर कुठलंही असो, मी त्यात तुझ्यापुढं लहानच ठरत होतो.

मला वाटलं होतं, आता तरी हेवा संपेल. तू एक वर्ष मागं. पण तू त्या मागच्या वर्षातही मजेत! सलीम मास्तर फिटिंगची बॅच तुझ्यावर सोडून चहाला जायचे. आपल्याहून लहान पोरं तुला 'ग्यानूभाऊ' म्हणायची. मला ती 'सर' म्हणायची, कारण मी भाषणं करायचो. माझ्या थर्ड इयरच्या इंजिन लॅबमध्ये तू मला डबा द्यायला आलास तो दिवस आठव. काचेच्या नळीतलं वीस सीसी डिझेल किती सेकंदांत संपतं ते मोजून मी इंजिनची कार्यक्षमता काढली, ती एकशे चार टक्के आली. दिलेल्यापेक्षा जास्त काम करणारं इंजिन! मी तीनदा गणित तपासलं. गणित बरोबर होतं. तू दारात उभा, हातात डबा.

"टाकीचा कॉक पुरता बंद न्हाई," तू म्हणालास. "नळीतलं संपायलंय आन वरनं टाकीतलं बी उतरायलंय, म्हून येळ जास्ती लागायलाय." आत आलास, कॉक पाव फेरा पिरगाळलास, डबा ठेवलास, गेलास.

सगळी बॅच तुझ्या पाठीकडे बघत राहिली. त्या दिवशी तुझी भाकरी मी डब्यात तशीच परत केली. आणि परत केली याचंही मला नवल वाटलं नाही, इतकी सवय झाली होती.

आपलं भांडण अर्धंच राहिलं, ग्यानबा. पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर. तुमची गाडी तिथं नेहमीसारखी अडकून पडलेली आणि मी तुझ्या गावच्या जत्रेला तुझ्यासोबत निघालेलो. मी म्हणालो, दुसऱ्याचं काम करून देणं म्हणजे त्याला पांगळं करणं. तू म्हणालास, "आमच्याकडं सावड असती. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कोण पांगळं झालंय?"

"परीक्षेत सावड नसते, ग्यान्या."

"का नसती?"

"कारण तिथं तुला एकट्याला काय येतं ते बघायचं असतं."

"एकट्यानं कोणतं मशीन चालतंय रे?" तू हसलास. "तू मला गणित शिकवतोस ते काय हाय मग?"

"ते शिकवणं आहे. मी तुझा पेपर लिहीत नाही."

तू मान डोलावलीस. मग म्हणालास, "हां. हे मातर खरं हाय. त्या अकरा जणांला शिकवायला पायजे व्हतं. घाई झाली." अकरा म्हणालास. एकांतातही अकराच. तेवढ्यात गाडी हलली, आपण पळालो आणि विषय बदलला. मला अजून वाटतं की तुझं चुकलं होतं आणि माझं बरोबर होतं. फक्त ते सिद्ध करायला समोर तू लागतोस.

आणि नंतर तू मला शिकवलंसही, हे लिहायलाच हवं. सुट्टीत, वर्कशॉप रिकामं असताना. ढकलताना जोर द्यायचा, ओढताना उचलायची. माझ्या खांद्यावर हात ठेवून तू मागं उभा राहायचास आणि खांदा हलला की टपली मारायचास. "कंबरेतनं ढकल. भाषण करताना हलवतोस तसे हात नको हलवू." महिनाभरानं माझ्या जॉबातून परभणी दिसायची बंद झाली. तो जॉब कोणाला द्यायचा नव्हता, त्याला मार्क नव्हते. तेवढं एक माझ्या हाताला कळतं, आणि ते तुझं आहे.

उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं दिवा नव्हता, लाल कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. सांजेची वेळ, तू मोटारसायकलवर. ज्यानं घेणाराच्या बोटाला लागू नये म्हणून लोखंडाच्या कडा मोडल्या, त्याला दिवा नसलेल्या लोखंडानं घेतलं. तिसऱ्या दिवशी मी त्यावर पत्रक लिहायला बसलो. शीर्षक लगेच सुचलं, तेच वाईट. मला कळलं की मी तुझ्यासाठी रडत नव्हतो, वाक्य जुळवत होतो. ते पत्रक मी काढणार आहे. दर ट्रॉलीला दिवा लागेपर्यंत काढणार आहे. पण त्याआधी एक काम होतं.

काल चुडाव्याला गेलो. स्टेशनावर वंदना न्यायला आली होती, तुझी बहीण. बारावीला आहे, तुला माहीतच आहे किती टोकदार बोलते. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, टेबल, बारावा जॉब. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे दादा.

ती चालायची थांबली. "हे मला कशाला सांगायलास? तुला हलकं वाटावं म्हून?"

ती पुन्हा चालू लागली, मी तिच्या मागं.

"सांगायचं तर आईला सांग. लोकं काय म्हणायलेत ठाव हाय का? नापास पोरगं, काळजीत असंल, समोरचं दिसलं नसंल. आई रोज तेच घोकायली. म्हणती, मीच बोलले त्याला, नापास कामून झालास म्हून. मीच बोलले."

तुझी आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. नजर सुपात नव्हती, हात आपले चालत होते. तुझेच हात. मी समोर बसलो. येताना गाडीत मी माफीची वाक्यं तयार केली होती, चांगली होती.

"मावशी, ग्यानबा नापास झाला नव्हता."

हात थांबले. "आं?"

"पहिल्या वर्षी. त्याला परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. तो नापास नव्हता."

"म्हंजे पास व्हता?"

"बसला असता तर झाला असता. गणितसुद्धा तयार होतं त्याचं, मीच घेतलं होतं. आणि वर्कशॉपमध्ये तर त्याच्यासारखा कोणी नव्हता."

"मग बसू का दिलं न्हाई?"

"त्यानं पोरांना मदत केली, त्यांचे जॉब करून दिले, म्हणून. माझाही केला होता. आणि तक्रार मी..."

ती उठली. सूप बाजूला सरकलं, तूर सांडली, तिनं पाहिलंही नाही. दारात जाऊन तिनं शेजारच्या घराकडं हाक मारली. अठरा दिवसांत तिचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता, वंदना नंतर म्हणाली.

"कौसाबाई! ओ कौसाबाई! इकडं या वं! आमचा ग्यानू नापास न्हवता! ह्यो बघा त्याचा दोस्त आलाय कालेजातला, त्यो सांगायलाय!"

कौसाबाई आल्या, हात पदराला पुसत. मग त्यांची सून, मग समोरचे एक म्हातारे काठी टेकत. मी पुन्हा सांगितलं. 'नापास नव्हता' इथपर्यंत सगळे श्वास धरून ऐकायचे, आणि त्यापुढं कोणी ऐकतच नव्हतं. मी माझ्या वाक्याशी आलो की ते एकमेकांकडं वळायचे. "म्हणलं व्हतं का न्हाई मी, त्या पोराचं डोकं बेस हाय." "माझी मोटार त्यानंच चालू करून दिली व्हती." "आवो, आमचं तर..." माझा गुन्हा माझ्या तोंडातच राहिला. कोणाला तो नको होता. कोणी मला शिवी दिली नाही, कोणी माफही केलं नाही. वंदनानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि माझ्या डोळ्यांत न बघता आत गेली.

इतका हेवा मला तुझा तू जिवंत असतानाही कधी वाटला नव्हता, ग्यानबा.

दारात अजून दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तुझ्या आईनं माझ्या गुडघ्याला हात लावला.

"पुना सांग रे बाबा," ती म्हणाली. "ह्या आत्ता आल्यात. ह्यांनी ऐकलं न्हाई."

मी कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.